वळण्यापुरती ताकद

हे मनन बसल्या जागी करायचं आहे. खुर्चीवर बसा किंवा जमिनीवर मांडी घाला. पाठ सरळ, खांदे सैल, दोन्ही हात मांडीवर. उजव्या हाताचा अंगठा मोकळा राहू द्या. पुढे त्याच्याकडे बरंच काम आहे. वाचायची घाई नको. एक परिच्छेद वाचा, डोळे मिटा, सांगितलेलं अंगात उतरलं असं वाटलं की मग पुढचा घ्या.

तुम्ही डोंगरात स्नोमोबाईल चालवत असाल, तर बाहेर पडण्याच्या आदल्या रात्री हे करा. चालवत नसाल तरी वाचा. तीव्र चढावर माणसाचे हात, डोळे आणि मन कसे वागतात, हे कळायला दारात गाडी उभी असावी लागत नाही.

जागा

आधी जागा डोळ्यांपुढे आणूया. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांनी ही गाडी पहिल्यांदा पाहिली ती गुलमर्गला: पुढे चालक, मागे आपण, मोकळ्या मैदानावर एक फेरी आणि फोटो. आपला आजचा डोंगर तिथून फार लांब आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कोलंबिया नदीच्या काठी रेव्हलस्टोक नावाचं गाव आहे. त्याच्या एका अंगाला सेलकर्क पर्वतरांग, दुसऱ्या अंगाला मोनाशी. पॅसिफिकवरून आलेले ढग या रांगांना अडतात आणि आणलेलं सगळं इथेच रितं करतात. गावाजवळच्या माउंट कोपलंडवर 1971-72च्या हिवाळ्यात 24 मीटरहून जास्त बर्फ पडल्याची नोंद आहे; कॅनडातला तो विक्रम मानला जातो. गावाला लागूनच बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज हे स्नोमोबाईलवाल्यांचे नेहमीचे डोंगर. त्यातले काही भाग कॅरिबू हरणांसाठी बंद ठेवलेले असतात. निघण्याआधी नकाशावर ते पाहून घ्यायचे आणि तिकडे फिरकायचं नाही.

सकाळ आहे असं समजा. रात्रभर पडलेला बर्फ गुडघ्यापर्यंत येतो. वारा नाही. तुम्ही झाडांची शेवटची रांग मागे टाकून मोकळ्यावर आला आहात. गाडीचं इंजिन बंद आहे. समोर पांढरा चढ उभा आहे.

चढाकडे पाहताना श्वास कुठे आहे, ते बघा. छातीत अडकला असेल तर सावकाश सोडून द्या. अजून काही करायचं नाही.

तोल

आता गाडीकडे पाहा. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅकचा एकच लांब पट्टा. आखलेल्या वाटेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा डोंगरी गाडीचा ट्रॅक लांब असतो, साधारण 155 ते 175 इंच, आणि त्यावरची रबरी पाती अडीच ते तीन इंच उंच. ती पाती बर्फ वल्हवत गाडी पुढे नेतात. दोन स्कींमधलं अंतर मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण डोंगरात ही गाडी एका कडेवर कलवूनच चालवायची असते. रिकाम्या गाडीचं वजन 200 किलोच्या आसपास. इतकं वजन अंगाच्या जोरावर दिवसभर कुणालाही पेलत नाही.

म्हणून आधी जोराचा विचार मनातून काढून टाकू. गाडीच्या डाव्या बाजूला, बर्फात उभे राहा. डाव्या हाताने हँडलबारची डावी मूठ धरा आणि गाडी आपल्याकडे ओढा. सुरुवातीला ती जड लागेल. उजवी स्की बर्फातून सुटेल, वर येईल. आणखी ओढा. एका कोनापाशी ओझं एकाएकी नाहीसं होतं. दोन बोटांनी धरली तरी गाडी तशीच राहते. त्या कोनाच्या अलीकडे ती पुन्हा सपाट बसू पाहते, पलीकडे ती तुमच्या अंगावर येते. मधल्या अगदी अरुंद जागेत तिला वजनच नाही.

इथे थांबा. डोळे मिटा. दोन बोटांवर तोललेली ती गाडी मनात धरून ठेवा. हात जरा पुढे, जरा मागे. ती कुठल्या बाजूला झुकायला लागली, हे डोळ्यांआधी तळहाताला कळतं. सपाट जागी, इंजिन बंद ठेवून हा सराव कुणालाही करता येतो, आणि तीव्र उतारावरचं बहुतेक सगळं कौशल्य यातूनच वाढतं. चढावर तुम्ही दमून गेलात, दंड भरून आले, तर समजा की गाडी या कोनातून निसटली होती आणि उरलेलं ओझं तुम्ही हातांनी पेलत होतात.

आता गाडीवर चढा आणि उभे राहा. बसून डोंगर चढता येत नाही. बसलेल्या माणसाचं वजन एका जागी खिळून राहतं. पाय दोन्ही बाजूंच्या पायपट्ट्यांवर, म्हणजे रनिंग बोर्डांवर, गुडघे सैल, कंबर किंचित खाली, छाती हँडलबारच्या वर. पाऊल जरा पुढे सरकवा: स्की बर्फावर टेकतात, दिशा ऐकू लागतात. पाऊल मागे घ्या: वजन ट्रॅकवर येतं, पाती खोल शिरतात, पकड वाढते. पाऊलभर सरकण्यानेही गाडीच्या वागण्यात फरक पडतो. मनातल्या मनात दोन-तीनदा पुढे-मागे व्हा आणि तळपायांना तो फरक जाणवू द्या.

शेवटी हातांकडे या. मुठी किती घट्ट आहेत? सैल करा. बोटं वळलेली असू देत, आवळलेली नकोत. आवळलेल्या मुठीला तोल कळत नाही.

नजर

गाडी सुरू करण्याआधी डोळ्यांचं काम ठरवून टाकू. उतारावर मधोमध एक एकटं झाड आहे. त्याच्याकडे बघू नका असं सांगितलं, तरी नजर तिकडेच जाते. भीतीची वस्तू डोळे धरून ठेवते, डोळ्यांमागे डोकं वळतं, डोक्यामागे खांदे, खांद्यांमागे हँडल. मग गाडी नेमकी त्या झाडाकडे जाते आणि चालवणाऱ्याला वाटतं की तिने ऐकलं नाही. तिने अगदी बरोबर ऐकलेलं असतं.

म्हणून झाडाऐवजी झाडाशेजारची मोकळी जागा पाहायची. समोरच्या स्कीकडे पाहायचं नाही. तिथे जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. नजर पुढच्या टप्प्यावर, म्हणजे दोन-तीन श्वासांनी तुम्ही जिथे असाल तिथे. आणि एक टप्पा गाठला की नजर त्याच्याही पुढच्या टप्प्यावर.

आता डोळे मिटून समोरचा चढ पुन्हा पाहा. मोकळ्या जागा ओळीने जोडत जा. एक रेघ तयार होईल. ती रेघ कुठे संपते? ती वरच संपत असेल, तर अजून पुरी झालेली नाही. तिला खाली येणारी बाजूही हवी. हा मुद्दा इथे नुसता मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

अंगठा

उजव्या मुठीखाली एक छोटी पट्टी आहे, अंगठ्याने आत दाबायची. हाच थ्रॉटल. मांडीवर ठेवलेला उजवा हात हवेत उचला, मूठ धरल्यासारखी करा आणि अंगठ्याने ती पट्टी दाबा. केसभर. मग आणखी केसभर. मग परत सोडा.

या पट्टीच्या पलीकडे 850 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, 160 अश्वशक्तीच्या घरातलं. एवढी ताकद एका बोटाच्या पेराखाली आली की माणूस ती पूर्ण वापरायला बघतो. घाबरल्यावर तर हमखास. भीती वाटली की बोटं आवळतात. बोटं आवळली की अंगठाही आवळतो. ट्रॅक जोरात फिरतो, पाती बर्फ खणून मागे फेकतात आणि गाडी पुढे जाण्याऐवजी स्वतःच्याच खड्ड्यात बसते. काहींचं उलट होतं. घाबरले की ते अंगठा एकदम काढून घेतात. ट्रॅक थांबतो, आणि तोल धरून ठेवणारी चाल गेल्यावर गाडी सपाट पडते.

तुमचं यातलं काय होतं, ते प्रामाणिकपणे आठवा. भीतीच्या क्षणी तुमचा हात आवळतो की सुटतो? गाडी चालवत नसाल तर एखादा अवघड फोन, एखादं भांडण, मुलाची परीक्षा, काहीही आठवा. प्रत्येकाचं एक ठरलेलं वळण असतं. ते चूक म्हणून बघायचं नाही. ते माहीत असलं की पुरे, कारण पुढच्या वेळी आपला हात काय करणार हे आधीच ठाऊक असतं.

आता श्वासाला अंगठा जोडा. श्वास सोडताना हलका दाब, घेताना किंचित ढील. सोडताना दाब, घेताना ढील. दाब थोडा, लवकर संपणारा, आणि मागून लगेच दुसरा. डोंगरात कललेली गाडी अशाच लहान-लहान दाबांनी तोलावर राहते. ती सपाट होऊ लागली की जरा दाब, अंगावर येऊ लागली की जरा ढील. हातांनी करायची ओढाताण अंगठाच करून टाकतो.

आडवा डोंगर

आता गाडी सुरू करा. सरळ वर जायचं नाही. डोंगर आपल्या डावीकडे आहे, दरी उजवीकडे, आणि आपल्याला उताराला आडवं जायचं आहे. याला साइडहिल म्हणतात, आणि डोंगरी स्नोमोबाईलचं शिक्षण खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं.

सपाट बसलेली गाडी उताराला आडवी टिकत नाही. ती घसरते, नाक खाली करते. तिला डोंगराच्या बाजूला कलवलं, की ट्रॅकची वरची कड बर्फात शिरते आणि आपल्यापुरती अरुंद पायरी कापत जाते. गाडी त्या पायरीवर चालते. पायरी आधी नव्हती आणि पुढेही नाही; तुम्ही जसजसे पुढे जाता तसतशी ती तयार होते.

पायांकडे या. दोन्ही पाय आता डोंगराकडच्या, म्हणजे डाव्या बोर्डाच्या बाजूला आले आहेत. उजवं पाऊल डाव्या बोर्डावर पुढे, डावा पाय मोकळा; लागलाच तर बर्फात टेकवायला. नेहमीच्या सवयीने हे पाऊल चुकीचं वाटतं, पण यामुळे कंबर डोंगराकडे येते आणि गाडी त्या दोन बोटांच्या कोनात सहज राहते. उजवा हात थ्रॉटलवर आहे आणि जरा लांब ताणला गेला आहे. डोंगर उजवीकडे असता तर डावी मूठ लांब गेली असती आणि डावा हात हँडलच्या मधल्या पट्ट्यावर आला असता. थ्रॉटल एकाच बाजूला असल्यामुळे दोन्ही दिशांची ठेवण कधी सारखी होत नाही. म्हणूनच बहुतेकांची एक बाजू सोपी असते, दुसरी अवघड.

आता सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट. हँडल दरीकडे वळवायचं. डोंगर डावीकडे, गाडी डावीकडे कललेली, आणि स्कींची टोकं किंचित उजवीकडे, खालच्या बाजूला. मन याला लगेच नकार देतं. दरीपासून दूर जायचं तर हँडल डोंगराकडे वळवावं, असं ते म्हणतं. तसं केलं की गाडी सपाट बसते, कड सुटते आणि नाक खाली जातं. हँडल खाली वळवलं की गाडी वरच्या बाजूला कलते, कड आणखी रुतते आणि ती चढ धरून राहते.

इथे बराच वेळ थांबा. डावीकडे डोंगर, इतका जवळ की हात लांबवला तर बर्फ लागेल. उजवीकडे मोकळी हवा. हँडल उजवीकडे, अंग डावीकडे, नजर पुढच्या मोकळ्या जागेवर, अंगठा श्वासाबरोबर. मनाचा नकार जाणवतोय का? त्याच्याशी वाद घालू नका. नकार असू द्या आणि हात तसेच राहू द्या. घाबरलेलं मन सुचवतं त्याच्या उलट, पण गाडीच्या घडणीला धरून वागणं ही इथली साधना आहे. ती नुसत्या समजुतीने येत नाही. अंगाने पुन्हा-पुन्हा केली की येते.

समजा कड सुटली. गाडी सपाट बसली, नाक खाली गेलं. तिला ओढून परत वर आणायचा हट्ट करू नका. जाऊ द्या खाली. स्की उताराच्या दिशेने सरळ करा, दोन-चार गाड्यांच्या लांबीइतकं उतरा, तोल सावरा आणि पुन्हा कलवून आडवं धरा. आणि गाडी उलटायलाच लागली तर तिला सोडून वरच्या बाजूला उतरा. गाडीच्या खालच्या अंगाला कधीही राहायचं नाही.

पलीकडच्या टोकाला पोचलात की थांबा आणि मागे वळून आपली रेघ पाहा. अंगठा शांत होता तिथे पायरीची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते. जिथे अंगठा दचकला, तिथे खड्डा आहे आणि रेघ हातभर खाली सरकली आहे. खड्ड्याच्या जागी तुम्ही कुठे बघत होतात, श्वास धरला होता का, ते आठवा. शिकवणारं कुणी सोबत नसलं तरी ही रेघ असते. दर वेळी ती वाचून मगच पुढे निघायचं.

वर

आता तो चढ. सरळ वरचा.

पायथ्याशी गाडी उभी आहे आणि वर जुन्या रेघा दिसतात. कुणी अर्ध्यावरून वळलं आहे, कुणी त्याच्या थोडं वरून, एक रेघ अगदी कड्याच्या खालपर्यंत पोचली आहे. या खेळात सर्वांत वरची खूण करण्याची जुनी चढाओढ आहे. त्या खुणेकडे पाहा आणि मनात काय उठतं ते बघा. हुरूप? थोडी जळजळ? आपणही, असं? जे येईल ते येऊ द्या. मग स्वतःला विचारा: ही खूण माझ्या गाडीची नाही, माझ्या आजच्या अंगाची नाही, आजच्या बर्फाचीही नाही, मग मी तिचा पाठलाग का करावा?

आता ताकदीचा हिशेब. हवा विरळ झाली की इंजिनची शक्ती घटते, साध्या इंजिनची दर 1,000 फुटांमागे सुमारे तीन टक्के. म्हणजे पायथ्याशी हाताशी असलेली गाडी माथ्याजवळ हाताशी नसते. चढ वरच्या अंगाला बहुधा आणखी उभा होतो. बर्फही वेगळा असतो. वाऱ्याने दाबलेला, कडक, पाती न शिरू देणारा. तीनही गोष्टी एकाच दिशेने जातात. तुम्ही जितके वर, तितकं उरलेलं कमी.

आणि वळायला ताकद लागते. हे पुन्हा वाचा. वळायला ताकद लागते. वर तोंड करून चढणारी गाडी वळवायची, तर तिला एका बाजूला कलवावं लागतं, हँडल उलट द्यावं लागतं, आणि नाक उताराकडे फिरेपर्यंत ट्रॅक फिरता ठेवावा लागतो. गाडीचा वेग संपल्यावर यातलं काहीच होत नाही. वर तोंड करून थांबलेली गाडी तिथेच रुतते, किंवा मागे सरकते, किंवा गडगडत खाली येते. ब्रेक दाबून, इंजिन बंद करून, वरच्या अंगाला उतरून तिला हाताने फिरवत बसणं हे दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम असतं. कधीकधी सगळ्यात धोक्याचंही.

म्हणून मनातली रेघ आता पुरी करा. पायथ्यावरून, अंगठा दाबण्याआधी. किती वर जायचं, कोणत्या बाजूला वळायचं, वळल्यावर खालची वाट मोकळी आहे का. चढणं आणि वळणं हा एकच बेत आहे. नुसतं चढणं ठरवून निघालेल्या माणसाला वळायचा निर्णय वर, धापा टाकत, डोक्यात इंजिनचा आवाज घेऊन करावा लागतो, आणि तिथे मन नेहमी म्हणतं, अजून थोडं.

डोळे मिटा. वजन पुढे, गुडघे सैल. अंगठा दाबला. बर्फ छातीवर येतो, चष्म्यावर येतो. गाडी खेचते. इंजिनचा सूर ऐका. तो चढा, एकसंध आहे तोवर ठीक. जरा वेळाने त्याच्यात किंचित जडपणा येतो. वेग अजून आहे, गाडी अजून चढते आहे, डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. कानाला मात्र कळलं आहे. मन म्हणतं, अजून दहा फूट. आणि तुम्ही, अजून चढता येत असताना, वळता. अंग एका बाजूला, हँडल दुसऱ्या बाजूला, अंगठ्यात राखलेला दाब आता मोकळा. स्की आभाळावरून फिरून उताराकडे येतात.

वळून झाल्यावर मनात रुखरुख राहील: आणखी जाता आलं असतं. हो, आलं असतं. ती रुखरुख टाळू नका. वळणं वेळेवर झालं की ती येतेच. हातचं राखून चढलेल्या माणसाच्या वाट्याला ती दर वेळी येते, आणि तिच्यासोबत पूर्ण ताब्यातली गाडीही येते. हीच रुखरुख जवळची वाटू लागेपर्यंत तिच्याशी बसा.

खाली

उताराबद्दल थोडक्यात. घाट उतरताना जुनेजाणते चालक गाडी खालच्या गिअरवर ठेवतात आणि ब्रेकवर सगळा भार टाकत नाहीत. इथेही तेच धोरण आहे, फक्त गिअरच्या जागी पट्ट्यावर चालणारा क्लच आहे. अंगठा पूर्ण काढला आणि इंजिनच्या फेऱ्या फार खाली आल्या की पट्टा सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. अंगठा केसभर दाबलेला असला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक लागेल तेव्हा दाबा-सोडा, दाबा-सोडा असा. करकचून दाबला की ट्रॅक जाम होतो आणि सगळी गाडी घसरू लागते. मग हँडल कितीही फिरवा. वजन मागे, नजर लांब, आणि फार उभं वाटलं तर सरळ उतरण्याऐवजी आडवं, कड रुतवत.

बर्फ

आता ज्यावर हे सगळं चाललं आहे, त्याच्याकडे लक्ष द्या. बर्फ थरांनी पडतो. एखादा जुना थर आतल्या आत कमजोर राहतो, त्याच्यावर नवा, जड थर बसतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर असा वरचा थर सुटून वाहू शकतो. स्नोमोबाईलला आवडणारे चढही नेमके याच अंशांचे. इंजिनच्या आवाजाने हिमस्खलन होतं, हा समज चुकीचा आहे. गाडीचं आणि माणसाचं वजन कमजोर थरावर पडलं की ते होतं.

13 मार्च 2010 रोजी रेव्हलस्टोकजवळच्या या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांची मोठी गर्दी जमली होती. चढ चढणारे चढत होते, बघणारे खाली उभे होते. वरचा बर्फ सुटला आणि गर्दीवर आला. दोघांचा जीव गेला, तीसच्या आसपास माणसं जखमी झाली. त्या दिवसांत हिमस्खलनाचा इशारा दिलेला होता.

या घटनेपाशी क्षणभर शांत बसा. कुणाला दोष द्यायचा नाही. फक्त हे पाहा, की खाली उभा असलेला माणूस स्वतः काहीच करत नसतानाही उताराच्या ताब्यात असतो.

त्यातून काही नियम निघतात, आणि ते कौशल्याचाच भाग आहेत. सकाळी अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय निघायचं नाही. चढावर एका वेळी एकच गाडी. वरचा अडकला तर दुसऱ्याने मदतीला वर जायचं नाही. त्याने खालून लक्ष ठेवायचं. बाकीच्यांनी थांबायचं ते बर्फ घसरून जिथवर येऊ शकतो त्याच्या बाहेर, गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून. शोधयंत्र, बर्फात चाचपायची लांब सळई आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर, गाडीत बांधून नाही. गाडी वाहून गेली तर तेही जातं. गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून कुणी पोचत नाही. सोबतीच पोचतात.

सोबत कोण आहे, ते मनात आणा. एकेकाचा चेहरा. त्याला फावडं नीट चालवता येतं का? त्याने 'आज नको' म्हटलं तर तुम्ही ऐकाल का? आणि तुम्हाला तसं वाटलं तर सगळ्यांसमोर ते म्हणता येईल का?

शेवटी, ही गाडी मुळात का घडली तेही आठवू. कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिएचा लहान मुलगा 1934 साली हिवाळ्यात आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेलं. बर्फावरून चालणाऱ्या गाडीवर बोंबार्डिए आधीपासून खटपट करत होता. 1937 साली त्याच्या ट्रॅकच्या रचनेला पेटंट मिळालं, 1959 साली त्याची छोटी स्की-डू बाजारात आली. डोंगरावरची आजची गाडी त्याच वंशातली. माणसं घरातून निघून पोचावीत आणि परत यावीत, या निकडीतून ती घडत गेली. चढावर अंगठा दाबताना ही गोष्ट ध्यानात राहिली, तर वर जाण्याचा मोह आपोआप आपल्या जागेवर बसतो.

सराव

आता हात मांडीवर परत आणा. अंगठा सैल करा. दोन सावकाश श्वास घ्या.

पुढच्या वेळी डोंगरात गेलात की पहिला अर्धा तास मोठ्या चढाकडे वळू नका. एक छोटा, मऊ उतार शोधा, ज्याच्या वर सुटणारा बर्फ नाही आणि ज्याच्या खाली दरी नाही. इंजिन बंद ठेवून गाडी दोन बोटांवर तोला. मग आडवं जा, आधी तुमच्या अवघड बाजूने, अंग ताजं असताना. रेघ वाचा. परत जा. मग थोडं वर चढून वळा, आणि दर वेळी इतकं आधी वळा की अंगठ्यात दाब शिल्लक राहिल्याचं जाणवेल. आज कुठवर शिल्लक राहतो, ते तुमच्या गाडीने आणि आजच्या बर्फाने सांगू द्या.

मोठ्या चढाखाली आलात की शेजारच्या सोबत्याला मोठ्याने सांगा: मी कुठवर जाणार, कोणत्या बाजूला वळणार, कुठून उतरणार. तिन्ही उत्तरं न अडखळता आली आणि सोबत्याला पटली, तर इंजिन सुरू करा. एखाद्या उत्तरावर जीभ अडली, तर तो चढ आज तुमचा नाही. त्या छोट्या उताराकडे परत जा आणि अवघड बाजूचा सराव आणखी करा.